फेल्डहोवनचं तालीसामृत

त्या मे महिन्यात जयप्रकाश करमळकरांनी झाड खाल्लं.

अख्खं नाही, शेंडा. पण ज्या माणसाने चाळिशी उलटेपर्यंत मेथीची जुडीसुद्धा बायकोला फोन करून खात्री केल्याशिवाय उचलली नव्हती, त्याच्या दृष्टीने शेंडा म्हणजे झाडच. त्यातून ते परक्या देशातलं आणि सूचिपर्णी. सूचिपर्णी हा शब्द जयप्रकाशने शाळेत भूगोलाच्या पेपरात एकदा लिहिला होता, त्याचा एक मार्क पदरात पाडून घेतला होता आणि त्यानंतर त्या वृक्षवर्गाशी त्याचा काही संबंध आला नव्हता.

करोनाचं ते दुसरं वर्ष. जयप्रकाश फेल्डहोवन या डच गावातल्या चिपयंत्रांच्या कंपनीत इंजिनीअर. त्याचं काम यंत्रातल्या आरशांच्या जागा मोजण्याचं, आणि त्यातली चूक इतकी बारीक असते की ती बघायलाही दुसरं यंत्र लागतं. हे काम तो वर्षभर माळ्यावर, कपडे वाळत घालायच्या स्टँडशेजारी बसून करत होता. आरसे स्क्रीनवर, साहेब स्क्रीनवर, साहेबांची मांजर स्क्रीनवर. दिवसभरात हाताला खरोखर लागणारी वस्तू म्हणजे चहाचा कप, आणि तो चहाही हल्ली त्याचा त्यालाच करून घ्यावा लागे. कारण त्याची बायको संध्या खालच्या खोलीत कानाला हेडसेट लावून गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, नागरिकांना उत्तरं देत असे. डिपेंडंट म्हणून या देशात आलेली संध्या आता अख्ख्या गावाला कचऱ्याचे वार सांगते, याचा जयप्रकाशला अभिमान होता. चहाचं दुःख वेगळं.

संध्याकाळी जंगलात चालायला जाणं ही त्या वर्षी सरकारला मान्य असलेली एकमेव करमणूक. अशाच एका संध्याकाळी दोघं चालत असताना पुढे त्यांची शेजारीण दिसली. टोसआजी. पंच्याहत्तरी ओलांडलेली, ताठ, पांढऱ्या केसांची, एकटी राहणारी बाई. तिने हातातली काठी बगलेत धरली, एका झाडाच्या फांदीचा पोपटी शेंडा खुडला आणि सरळ तोंडात टाकला.

"काय खाताय?" जयप्रकाशने नियमाप्रमाणे अंतर राखून डचमध्ये विचारलं.

"फाइनस्पार," आजी म्हणाली. फाइनस्पार म्हणजे स्प्रूस, ख्रिसमसला लोक घरात उभं करतात ते झाड. "वसंतात आई आम्हाला खोकल्यासाठी याचा पाक करून द्यायची. घे. फक्त कोवळं. आणि एका झाडाचे दोनचारच."

जयप्रकाशने शेंडा दाताखाली धरला आणि जागच्या जागी थांबला. आंबट. कोवळी कैरी, तिच्यावर लिंबाची साल किसलेली, आणि मागून कुठूनतरी रानाचा वास. त्याने दुसरा खाल्ला. मग संध्याकडे वळून त्याने ज्या आवाजात तिला मुलगी झाल्याचं तिच्या आईला फोनवर कळवलं होतं त्या आवाजात सांगितलं, "संध्या, हे खाता येतं."

"दिसतंय," संध्या म्हणाली. "पण सगळं नको खाऊस."

त्या आठवड्यात आरशांची कामं जेमतेम झाली. जयप्रकाश वाचत सुटला. या झाडांचा चहा करतात, सरबत करतात, बिअर करतात, मुरंबा करतात. चिकाचं मलम करतात. जुन्या काळी दर्यावर्दी लोक दात हलायला लागले की सुयांचा काढा पीत. हे सगळं तो जेवताना मोठ्यांदा सांगे. चौदा वर्षांची ज्ञानदा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर ती स्वतःच्या सोयीच्या भाषेत देते, ताटातून नजर न उचलता म्हणाली, "बाबा, नॉट ऑल ऑफ देम. शाळेत शिकवलंय. काही पॉयझनस असतात."

"ते मी बघितलंय," जयप्रकाश म्हणाला. त्याने खरंच बघितलं होतं. स्प्रूसची सुई बोटांत धरून फिरवली की फिरते, कारण ती चौकोनी असते. हे त्याने टोसआजीच्या देखरेखीखाली फिरवून पाहिलं होतं. ज्या माणसाचा पगार मोजमापावर चालतो तो असल्या बाबतीत चुकणार नाही, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

पहिलं सरबत झालं ते इतकं सुरेख झालं की तोच घात झाला. फिकट मधाचा रंग, वर जरासं केशर, किंचित सैंधव. जयप्रकाशने बाटली खिडकीत ठेवून मागून ऊन येईल असा फोटो काढला आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'रानातलं पन्हं'.

आता ते दिवस आठवून पाहा. ग्रुपवर रोज कोणीतरी दालचिनीचा काढा, कोणी हळदीची वाफ, कोणी श्वास मोजायची रीत पाठवत होतं. लोक प्रतिकारशक्तीच्या शोधात होते आणि समोर बाटली आली, तीही उन्हात चमकणारी. मृदुलावहिनींचा फोन लगेच आला. मृदुलावहिनी म्हणजे जयप्रकाशचा मित्र रविकांत याची बायको. त्यांचे आजोबा संगमनेरला वैद्य होते, त्यामुळे आयुर्वेदाबाबत त्यांचा शब्द फेल्डहोवनात शेवटचा मानला जाई.

"अहो जयप्रकाश, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय? हे तालीसपत्र आहे. आजोबांच्या बरणीत असायचं. तालीसादी चूर्ण ऐकलं नाहीत? खोकल्यावर रामबाण."

"तालीसपत्र हिमालयात होतं ना?"

"मग हे युरोपातलं. घराणं एकच."

रविकांतने मागून ओरडून नावही सुचवलं, 'तालीसामृत'. ज्ञानदाने नाइलाजाने लेबल करून दिलं. पाहता पाहता डझनभर कुटुंबांनी आपापली बाटली सांगून ठेवली. आल्मेरेच्या एका गृहस्थाने तर पोस्टाने पाठवाल का म्हणून विचारलं. जयप्रकाशला आजवर कोणी इतक्या आर्जवाने काही मागितलं नव्हतं. ऑफिसात मागत ते फक्त खुलासे. त्याने सगळ्यांना हो म्हटलं, आणि शनिवारी सकाळी सुपरमार्केटची सगळ्यात मोठी पिशवी घेऊन जंगलात गेला.

पिशवी गळ्यापर्यंत भरली होती तेव्हा मागून कोणीतरी खाकरलं. हिरव्या गणवेशातला वनरक्षक सायकलला पाय टेकवून उभा होता. त्याने पिशवीकडे पाहिलं, जयप्रकाशकडे पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "हे काय आहे?"

"स्वतःपुरतं," जयप्रकाश म्हणाला. मूठभर, स्वतःपुरतं तोडलं तर इथे बहुतेक जण डोळेझाक करतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

वनरक्षकाने पिशवी हाताने तोलून पाहिली. "घरी किती माणसं असतात?"

"तीन."

"आजारी आहेत का?"

मग त्याने समजावून सांगितलं, आणि त्या समजावण्यापेक्षा दंड बरा असं जयप्रकाशला झालं. एक शेंडा म्हणजे त्या फांदीची वर्षभराची वाढ. झाड वर्षभर थांबतं, सर, आणि तुम्ही सकाळी येऊन ती घेऊन जाता. बाजूने एक डच कुटुंब चालत गेलं. त्यांच्या लहान मुलीने पिशवीकडे बोट दाखवून आईला काहीतरी विचारलं आणि आई हळू आवाजात काहीतरी म्हणाली. पिशवी जप्त झाली. आयआयटीचा माणूस पालापाचोळ्यासह पकडला गेला ही गोष्ट जयप्रकाशने घरी सांगितली नाही. संध्याला ती सोमवारी कामाच्या ठिकाणी आपोआप कळली, कारण जंगलात हल्ली लोक पोत्याने झाडं खुडतात अशी तक्रार एका नागरिकाने तिलाच केली.

पण बाटल्या कबूल झालेल्या. जंगल बंद, तर रस्त्याकडेची झाडं? ती गेमेंटेची. या वेळी सगळं रीतसर करायचं असं ठरवून जयप्रकाशने स्वयंपाकघरातून गेमेंटेच्या क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एका बाईने शुद्ध डचमध्ये नमस्कार केला. आवाज फोनमधून आला आणि जिन्यावरूनही आला.

"संध्या?"

"आपलं नाव आणि पोस्टकोड सांगता का?"

"अगं, मी खालून बोलतोय."

"प्रशिक्षणासाठी हे संभाषण रेकॉर्ड होत आहे, सर. आपला पोस्टकोड?"

जयप्रकाशने पोस्टकोड सांगितला, घर क्रमांक सांगितला, जन्मतारीखही सांगितली, आणि सार्वजनिक झाडांचे शेंडे तोडायला परवानगी मिळेल का असं विचारलं. ती मिळणार नाही, असं त्याच्या पत्नीने त्याला आदराने कळवलं. आणखी काही मदत करू शकते का, असंही विचारलं. जयप्रकाशने भाताला किती शिट्ट्या द्यायच्या ते विचारायला तोंड उघडलं होतं, पण रेकॉर्डिंग आठवून फोन ठेवला.

शेवटी टोसआजीच धावून आली. कुंपणापलीकडून तिने सगळं ऐकलं होतं. "माझ्या मागच्या बागेत आहे की फाइनस्पार," ती म्हणाली. "नवऱ्याने ख्रिसमसचं झाड फेकायचं नाही म्हणून कोपऱ्यात लावलं, ते आता घराएवढं झालंय. खालच्या फांद्या मला नकोच आहेत. हवं तेवढं घे."

जयप्रकाशचा आनंद गगनात मावेना. त्याने रविकांतला मदतीला बोलावलं. रविकांत हा उत्साही माणूस. त्याला काम सांगितलं की ते कसं करायचं हे सांगेपर्यंत तो निम्मं करून बसतो. जयप्रकाश शिडीवर चढून स्प्रूसच्या फांद्या वाकवत होता, रविकांत खाली होता, आणि तासाभरात दोघांच्याही पिशव्या पोपटी कोवळ्या शेंड्यांनी भरल्या. संध्याने रविवारी शेंडे भाजीसारखे निवडून, धुऊन ठेवले. मग पाक, केशर, सैंधव. सगळ्या बाटल्या भरून जयप्रकाशने सायकलला पेटी बांधली आणि घरोघर दारात ठेवून, बेल वाजवून, चार पावलं मागे सरून हसत उभा राहिला. टोसआजीची बाटली तिला हातात दिली. आल्मेरेची पोस्टात पडली.

ग्रुपवर वर्षाव झाला. 'अप्रतिम.' 'तोड नाही.' 'मुलाचा खोकला एका दिवसात गेला.' 'सासूबाई म्हणतात, रोज हवं.' जयप्रकाश ते वाचून झालं की वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. डीमन गावच्या मराठी मंडळासाठी व्याख्यान देता का अशीही विचारणा झाली आणि त्याने विषय ठरवला, 'सूचिपर्णी वृक्ष आणि आपण'. आरसे मोजताना तो गुणगुणत असे, असं त्याच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं. माइक चालू राहिला होता.

गुरुवारी दुपारी तो मागच्या बागेत बरण्या वाळवत होता. टोसआजी पलीकडे काठी टेकून आपलं कुंपण न्याहाळत होती.

"तुझ्या मित्राने माझ्या कुंपणाची हजामत केलीय," ती म्हणाली. "पण एकाच बाजूने. दुसरी बाजू कधी करणार?"

"कुठलं कुंपण?"

"हे." तिने काठीने दाखवलं. कमरेएवढं, दाट, गडद हिरवं कुंपण, त्यावर सगळीकडे कोवळे पोपटी शेंडे, आणि मधोमध एक मोठा बोडका पट्टा. "टॅक्सस. विषारी असतं, पण वाढतं छान. आमच्या लहानपणी एका शेतकऱ्याचा घोडा कुंपण खाऊन जागच्या जागी आडवा झाला होता."

जयप्रकाशच्या हातातली बरणी पडली नाही, पण ती त्याने खाली ठेवली ती गवताऐवजी स्वतःच्या पायावर. तसाच लंगडत आत जाऊन त्याने रविकांतला फोन लावला.

"रविकांत, तू शेंडे कुठले तोडलेस?"

"सांगितलेस तेच. कोवळे."

"झाडाचे की कुंपणाचे?"

"आधी दोनचार झाडाचे. मग म्हटलं, वर कशाला हात ताणायचा, इथे कमरेशी आहेतच की. हिरवे ते हिरवे. का रे?"

जयप्रकाश खुर्चीत बसला. फोनवर त्याने टॅक्सस शोधलं. पान विषारी, बी विषारी, वाळलं तरी विषारी, उकळलं तरी विषारी. सरळ हृदयावर घाव. आणि खाली एका ओळीत लिहिलं होतं की तालीसपत्र या नावाने कुठे कुठे याच झाडाची पानं विकली जातात. म्हणजे मृदुलावहिनींच्या आजोबांच्या बरणीत नेमकं काय होतं हे आता संगमनेरलाच ठाऊक.

संध्याला हाक मारायला तो जिना चढला. खोलीचं दार बंद, दारावर तिची चिठ्ठी, 'ऑडिट चालू आहे, आत येऊ नये'. आतून तिचा शांत आवाज कोणालातरी जुन्या गादीची विल्हेवाट समजावून देत होता. त्याने दार ठोठावलं. गादी चालूच राहिली.

मग त्याने ग्रुपवर लिहायला घेतलं. आधी लिहिलं, 'गुणवत्तेच्या काही कारणास्तव तालीसामृताचा हा साठा तूर्त परत घेण्यात येत आहे.' ते त्याने स्वतःच वाचलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. ते पुसून लिहिलं, 'सरबत पिऊ नका. त्यात विष असू शकतं. चूक माझी आहे. फोन करतोय.' आणि एकेका घरी फोन लावत सुटला.

"किती प्यायलात?" तो पहिल्या घरी विचारता झाला. हेच ते घर, जिथे मुलाचा खोकला एका दिवसात गेला होता.

"खरं सांगू का," त्या गृहस्थांनी घसा साफ केला, "उघडली नाही अजून. म्हणजे, या दिवसांत बाहेरचं काही... तुम्ही गैरसमज करून घेऊ नका."

दुसऱ्या घरी बाटली देवापुढे होती. तिसऱ्या घरी ती चौथ्या घरी दिली होती आणि चौथ्या घराने ती पाचव्याला वाढदिवसाची भेट म्हणून, लेबल फिरवून. रोज हवं म्हणणाऱ्या सासूबाई सोलापुरात होत्या आणि त्यांनी फक्त फोटो पाहिला होता. आल्मेरेच्या गृहस्थांनी पार्सल नियमाप्रमाणे बाल्कनीत विलग ठेवलं होतं. मृदुलावहिनी म्हणाल्या, "आम्ही ना, पित्तामुळे आंबट घेत नाही. पण गुणाबद्दल वाद नाही."

प्रत्येक फोनगणिक जयप्रकाशच्या छातीवरचा दगड उतरत होता आणि दुसरा एक चढत होता. माणसं वाचली होती. अख्ख्या फेल्डहोवनात त्याचं सरबत कोणी तोंडाला लावलं नव्हतं. देवाचे आभार मानावेत की अपमान गिळावा हे न कळून तो भिंतीकडे पाहत राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की एक माणूस राहिलं.

तो धावतच गेला. टोसआजी दारातच होती.

"तुम्ही सरबत प्यायलात का?"

"अर्थात," आजी म्हणाली. "दिलंस ना तू. रोज जेवल्यावर एक ग्लास, सोडा घालून. साखर जरा जास्त आहे."

ती एकटीच प्यायली होती. कोणी प्रेमाने हातात दिलेली वस्तू माणसाने खायची असते, एवढंच तिला माहीत होतं. जयप्रकाशला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. तिच्या डॉक्टरांकडे फोन लावला. सहायिकेने त्याच्या लांबलचक हकिगतीतून दोनच शब्द उचलले, टॅक्सस आणि वय, आणि म्हणाली, "ताबडतोब हॉस्पिटलमध्ये. आम्ही कळवतो."

गाडीत मागच्या सीटवर मास्क लावून टोसआजी ताठ बसली होती. "मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "पण तुझा चेहरा बघून मी येते."

आपत्कालीन विभागात तिच्या छातीला वायरी लावल्या गेल्या. जयप्रकाशला सोबत म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसू दिलं. यंत्रावर हिरवी रेघ चालत होती. आयुष्यभर रेघांवर विश्वास ठेवून जगलेला माणूस त्या एका रेघेकडे असा पाहत होता की नर्सने त्यालाच पाणी आणून दिलं. अधूनमधून तो संध्याला फोन लावत होता. तो बंद. शेवटी त्याने गेमेंटेचा क्रमांक फिरवला आणि संगीत संपल्यावर आलेल्या माणसाला सांगितलं, "मला माझी बायको हवी आहे." ही सेवा गेमेंटे देत नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

"टोसआजी," तो म्हणाला, "मला माफ करा. मी विचारायला हवं होतं. प्रत्येक पानाला विचारायला हवं होतं."

आजीने मास्क जरा सारखा केला. "याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, मी सहा वर्षांपूर्वी टॅक्सस घेतलंय. शिरेतून, थेंब थेंब. स्तनाचा कॅन्सर होता. त्या औषधाचं मूळ टॅक्ससमध्ये आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी घरी जाऊन कुंपणाशी भांडले होते. इतकी वर्षं शेजारी उभं आहेस, आधी सांगायचंस."

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. संध्या.

"अरे, ग्रुपवर हे काय लिहिलंयस? माझं ऑडिट आत्ता संपतंय. कुठलं विष?"

त्याने सांगितलं. रविकांत, कुंपण, पिशवी, पाक, आजी, रेघ.

"रविकांतची पिशवी?" संध्या म्हणाली. "ती मी टाकली."

"काय?"

"निवडतानाच टाकली. तू आणलेल्याला काय वास सुटला होता, लिंबासारखा. त्याच्या पिशवीला वासच नव्हता, नुसता गवताळ. पानंही चपटी. म्हटलं, काहीतरी भलतंच आणलंय, आणि पिशवी तशीच ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रविकांतभावजींना वाईट वाटलं असतं. तासभर उभे होते बिचारे."

पाठीमागे हिरव्या डब्याचं झाकण आपटलं. ज्ञानदाचा आवाज आतून, घुमत आला, "ममा, इट्स हिअर. फुल बॅग. टॅक्सस."

पूर्ण पिशवी. जयप्रकाशने फोन छातीशी धरला आणि डॉक्टरीणबाईंना गाठून हे सांगताना त्याच्या डचचं व्याकरण पार कोलमडलं, पण त्यांना कळलं. तरीही संध्याकाळपर्यंत आजीला ठेवून घेतलं. रेघ एकदाही चुकली नाही. निघताना त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तर मग या बाटलीत फक्त स्प्रूस आणि साखर आहे?"

"जास्त साखर," टोसआजी म्हणाली.

पुढचे काही दिवस जयप्रकाशने ग्रुप उघडला नाही. डीमनचं व्याख्यान त्याने रद्द केलं. बाटल्या सगळ्या परत आल्या, सगळ्या सीलबंद, आणि त्या तो एकेक करून मोरीत ओतत असताना संध्याने शेवटच्या दोन त्याच्या हातातून काढून घेऊन फ्रीजमध्ये ठेवल्या. त्या आठवड्यात तिने रोज त्याच्यासाठीही चहा केला.

जुलैत टोसआजीने कुंपणापलीकडून हाक मारली. दर उन्हाळ्यात टॅक्ससच्या कुंपणांची कोवळी छाटणी गोळा करतात, तिने सांगितलं, कॅन्सरच्या औषधासाठी. ताजी हवी, स्वच्छ हवी, दुसरा पाला मिसळलेला नको. दरवर्षी ती स्वतः कापायची. यंदा खांदा दुखत होता.

जयप्रकाशने तासाभरात हातमोजे आणले, कातरी आणली, ताडपत्री आणली. रविकांत आला, मान खाली घालून. त्याला फक्त ताडपत्री धरायचं काम दिलं. मृदुलावहिनी झाडू घेऊन आल्या. ज्ञानदा एकेक मूठ तपासून पेटीत टाकत होती आणि वडिलांनाही दोनदा परत पाठवत होती. टोसआजी खुर्चीत बसून डावीकडे जास्त, उजवीकडे कमी असं सांगत होती. कोवळ्या शेंड्यांचा ढीग वाढत गेला तसा जयप्रकाशच्या हालचालींना वेग आला आणि कपाळावरचा घाम पुसायलाही तो थांबेना.

संध्याकाळी पेट्या गोळा करायच्या जागी नेल्या. तिथल्या माणसाने हात घालून वरखाली पाहिलं. "चांगलं आहे. स्वच्छ आहे."

"हे कोणाला मिळेल, ते कळतं का?" जयप्रकाशने विचारलं.

"नाही," तो माणूस म्हणाला. "याचं औषध होऊन कुठे जाईल, सांगता येत नाही."

"माझं कोणी कापलं होतं, मलाही कळलं नाही," टोसआजी म्हणाली. "मी खूप चौकशी केली होती. त्यांना काहीतरी द्यायचं होतं मला."

रिकाम्या पेट्या गाडीत ठेवून सगळे परत निघाले. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळताना जयप्रकाश एकदम पुढे झुकला. कोपऱ्यावरच्या घराला लांबच लांब, न कापलेलं, गडद हिरवं कुंपण होतं, आणि त्यावर उन्हात पोपटी शेंडे उभे होते.

"संध्या, ते बघ. टॅक्ससच आहे. अख्खी बाजू आहे. विचारू का त्यांना?"

संध्याने गाडी हळू केली. "विचार," ती म्हणाली. "पण आधी विचार, मग काप."

तो दार उघडून केव्हाच उतरला होता.